चिमणीच्या दातांनी: लहान मुलांना घेऊन सेवेच्या कामाला कसं लागायचं

आमच्या लहानपणी चाळीत एका कैरीला चार वाटेकरी असायचे. सुरी आणायला घरात गेलं तर आई कैरीच काढून घेणार, म्हणून ती फ्रॉकच्या टोकात गुंडाळायची, वरून दाताने तोडायची आणि तुकडा समोरच्याच्या हातावर ठेवायचा. मध्ये कापड आलं की ते उष्टं नाही, चिमणीच्या दातांनी तोडलेलं! पेरू, लिमलेटची गोळी, चिक्की, सगळ्याची वाटणी अशीच. दुसऱ्याला मोठा तुकडा गेला की आपल्या हातातली कैरी तेवढी लहान व्हायची आणि ते डोळ्यांना दिसायचं.

माझ्या लेकाच्या पाचव्या वाढदिवसाला मी नेमकं उलटं केलं. ठाण्यातल्याच एका आश्रमात केक, फुगे आणि बिस्किटांचे पुडे घेऊन गेलो. तिथल्या ताई हसून म्हणाल्या, "आजचा हा तिसरा केक." मुलं शहाण्यासारखी रांगेत बसली, त्यांनी टाळ्या वाजवत गाणं म्हटलं (त्यांना ते आमच्यापेक्षा जास्त पाठ होतं), माझा लेक एका फुग्यावरून रडला आणि चाळीस मिनिटांत आम्ही परत गाडीत. रात्री तो म्हणाला, "आई, त्या मुलांचा रोज बड्डे असतो?"

त्याच्या वाट्यातलं काहीच गेलं नव्हतं. केक मी आणला, पैसे बाबाने दिले, तो फक्त मिरवला. त्यानंतरच्या अडीच-तीन वर्षांत बऱ्याच चुका करत जे हाती लागलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमची मुलं तीन ते दहा वर्षांची असतील आणि ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठून सुरुवात करायची हे सुचत नसेल, तर उपयोग होईल.

पहिली पायरी: घरातली मूठ

पहिले दोन महिने कुठेही जाऊ नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या वसतिगृहांमागे गावोगावच्या बायकांची मूठ होती. रोजच्या धान्यातलं मूठभर बाजूला काढायचं आणि ते मुलांच्या जेवणाला द्यायचं. मुष्टिफंड म्हणत त्याला. तोच आपल्या ओट्यावर सुरू करता येतो.

एक झाकणाचा डबा मुलाचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवा. रोज भात लावताना तांदूळ मोजून भांड्यात घेतले की त्यातली एक मूठ मुलाने काढून डब्यात टाकायची. मूठ त्या दिवसाच्या भांड्यातून निघाली पाहिजे, पोत्यातून नाही. पोत्यातून काढलेलं कुणाला जाणवत नाही. भांड्यातलं गेलं की एखाद्या रात्री भात थोडा कमी पडतो आणि कुणीतरी विचारतंच, "आज भात कमी का?" त्याचं उत्तर मुलाला देऊ द्या.

आमच्या लेकाची मूठ काट्यावर अठरा ग्रॅम भरली. महिन्याला अर्धा किलोच्या थोडं वर. मजल्यावरची चार घरं सामील झाली तेव्हा दोन किलोंच्या वर तांदूळ जमू लागले. फूल ना फुलाची पाकळी, पण त्याची तीस वेळा आठवण होते आणि तीन वर्षांच्या मुलालाही हे काम जमतं. पावसाळ्यात मात्र महिन्याच्या महिन्याला डबा रिकामा करा. जुलैच्या दमट हवेत पोरकिडे व्हायला वेळ लागत नाही आणि किडके तांदूळ कुणाला द्यायचे नसतात.

याच काळात खेळण्यांचा प्रश्न निघतो. मूल झोपल्यावर त्याची जुनी खेळणी पिशवीत भरून देऊन टाकणं आपल्याला सोयीचं वाटतं. एकदा मी ते केलं आणि पुढचे काही महिने लेक त्याच्या गाड्या उशीखाली लपवत होता. काय द्यायचं ते त्यालाच ठरवू द्या, आणि "काहीच नाही" हेही उत्तर चालवून घ्या. कपाट रिकामं करायचं असेल तर जरूर करा, पण त्याला आवराआवर म्हणा, दान म्हणू नका. जुने कपडे देताना माझी कसोटी साधी आहे: हे मी माझ्या भाच्याला घालायला देईन का? बटणं जागेवर, चेन चालती, धुऊन इस्त्री केलेलं असेल तर हो. नाहीतर ते फडकं.

दुसरी पायरी: आपली इमारत

सेवा म्हणजे लांब जाऊन करायची गोष्ट, हा समज मोडायला सोसायटीइतकी चांगली जागा नाही. ठाण्यात काय आणि नेरुळ-सीवूड्समध्ये काय, प्रत्येक इमारतीत एखादे आजी-आजोबा असतात ज्यांची मुलं परदेशात आहेत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी पेपर वाचता येत नव्हता. माझी मोठी मुलगी तेव्हा नऊची. ती संध्याकाळी दहा मिनिटं मथळे वाचून दाखवायची. मराठी वाचन अडखळत होतं ते सुधारलं, हा आमचा फायदा. आजी तिचे उच्चार न चुकता दुरुस्त करत. म्हणजे देणं दोन्ही बाजूंनी चाललेलं, आणि मुलांना असंच समजलं तर उत्तम.

मे महिन्यात घंटागाडीवरच्या माणसांसाठी कोकम सरबत करा. ग्लास भरण्याचं आणि नेऊन देण्याचं काम मुलाचं. नाव विचारायचं, उद्या त्याच नावाने हाक मारायची. वॉचमनकाकांना दिवाळीचा फराळ आपल्या ताटाआधी जावा, उरल्यावर नको. एवढंच.

तिसरी पायरी: वयाप्रमाणे हाताला काम

मूल प्रेक्षक झालं की कंटाळतं, मग रडतं, मग आपण त्याला मोबाइल देतो. म्हणून घराबाहेर पडण्याआधी ठरवा की तिथे याच्या हाताला काय काम असेल.

लहान मुलांना मदत करायला शिकवावं लागतं असं आपण धरून चालतो. फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००६ साली दीड वर्षाच्या बाळांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो, त्याला तो पोहोचत नाही. बरीच बाळं कुणी न सांगता रांगत-चालत जाऊन तो उचलून देत. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: मदतीबद्दल ज्यांना खेळणं बक्षीस मिळालं, ती बाळं पुढच्या वेळी कमी मदत करू लागली. तेव्हा "आश्रमात शहाण्यासारखा वागलास तर आइस्क्रीम" हा सौदा करू नका. आइस्क्रीम खायचंच असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या कारणाने.

तीन ते पाचच्या मुलांना नेणं-आणणं, मोजणं, ओतणं, निवडणं आवडतं: चमचे वाटणं, मटार सोलणं, रंगाप्रमाणे खडू लावणं. सहा ते आठची मुलं यादी धरू शकतात, वजन लिहू शकतात, लहान गटाला गोष्ट वाचून दाखवू शकतात. नऊनंतर मात्र त्यांना ठरवण्यात घ्या. कुठे जायचं, काय न्यायचं, महिन्याच्या खाऊच्या पैशांतले किती द्यायचे. माझ्या मुलीने एकदा सगळे दिले आणि मग दोन आठवडे तोंड फुगवून बसली. मी भरून दिले नाहीत. अजूनही तो निर्णय बरोबर होता की नाही, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

चौथी पायरी: जागा शोधणं आणि फोन करणं

नवे लोक इथे सगळ्यात जास्त घाई करतात. थेट सामान भरून दारात जाऊ नका. आधी फोन करा आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेत करू नका. बोलणं साधारण असं ठेवा: "नमस्कार, आम्ही अमुक भागात राहतो. दोन मोठे, दोन लहान मुलं. वस्तू द्यायला नाही, महिन्यातून एकदा तासभर कामाला यावं म्हणतो. आमच्या जोगं काही काम आहे का?" पलीकडे क्षणभर शांतता पसरते. असा फोन त्यांना फारसा येत नसतो.

मग विचारा: लहान मूल आणलेलं चालेल का? कोणत्या वारी माणसं कमी पडतात? सध्या कशाची गरज आहे आणि काय अजिबात नको? बाहेरचं शिजवलेलं अन्न घेता का? फोटोबद्दल नियम काय? "काय नको" हा प्रश्न विसरू नका. एका ठिकाणी उत्तर आलं, "ताई, बिस्किटं नकोत. अंघोळीचे साबण आणि सॅनिटरी पॅड आणा." पैसे द्यायचे असतील तर संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का ते पाहा आणि पावती घ्या. मागितलेलं कुणाला वावगं वाटत नाही, वाटलं तर दुसरी जागा शोधा.

दिवस निवडताना पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळीचा आठवडा आणि स्वतःचे वाढदिवस टाळा. दानउत्सव २००९पासून देशभर होतो, हल्ली दोन ते आठ ऑक्टोबरला. त्यात सुरुवात करायला हरकत नाही, पण खरी गरज असते जुलैतल्या ओल्या मंगळवारी, जेव्हा स्वयंपाकघरातली अर्धी माणसं तापाने पडलेली असतात.

आणि एकच जागा धरा. दर महिन्याला नवी संस्था म्हणजे मुलाच्या लेखी सहल. आम्ही एका आश्रमाच्या स्वयंपाकघरात जातो. पहिल्या तीन खेपांना तिथल्या मावशींनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि चहा पाजला. चौथ्या वेळी लसणाची परात पुढे सरकवली. त्या दिवसापासून आम्ही कामाचे झालो.

आपल्याकडे काय काय करता येतं

गणपतीत विसर्जनाच्या ठिकाणी आणि कृत्रिम तलावांवर निर्माल्य वेगळं केलं जातं, त्यापासून खत होतं. हारांमधले दोरे, थर्माकोल, प्लास्टिक बाजूला काढायला लहान बोटं फार उपयोगी पडतात. सहा वर्षांवरच्या मुलांना न्या, दीड दिवसाच्या गणपतीला न्या. अनंत चतुर्दशीच्या गर्दीत नको. पाण्याच्या काठापासून लांब, मोठ्या माणसाचा हात पोहोचेल इतक्या अंतरावर.

खाडीचं वेगळं आहे. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नवी मुंबईत रविवारी खारफुटीच्या सफाईला गट जातात. उत्साहाने चार वर्षांचं मूल चिखलात उतरवू नका, त्यात फुटक्या काचा आणि इंजेक्शनच्या सुयाही निघतात. आधी हिवाळ्यात ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रावर नेऊन पक्षी दाखवा, खारफुटी दाखवा. सफाईला नेलंत तर ओहोटीची वेळ पाहून, आणि धाकट्याला कोरड्या रस्त्यावर उभं करून पोती मोजायला लावा. आमच्याकडे हा हुद्दा "मुकादम" म्हणून फार मिरवला जातो.

खारघरला टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोगावरच्या उपचारांचं आणि संशोधनाचं केंद्र आहे. तिथे उपचाराला देशभरातून कुटुंबं येतात आणि महिनोन्‌महिने आसपास खोली घेऊन राहतात. त्यांना मदत करणाऱ्या संस्था असतात, त्यांच्यामार्फतच जा. उपचार चालू असलेल्या मुलांची प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून वापरलेली मऊ खेळणी देऊ नका आणि सर्दी झालेलं मूल घेऊन तर जाऊच नका. चित्रं रंगवायची नवी पुस्तकं, रंगपेट्या, कोडी, हे विचारून द्या. घरी बसून पेन्सिलींचे संच बांधणं हे पाच वर्षांच्या मुलाचं उत्तम काम आहे.

येऊरबद्दल थोडं कडू बोलते. सुट्टीच्या दिवशी गाड्या तिथल्या आदिवासी पाड्यांवर थांबतात, जुने कपडे आणि चॉकलेटं वाटली जातात, संध्याकाळी रॅपर तिथेच उडत असतात. आपल्या मुलाने दुसऱ्याच्या अंगणात जाऊन न मागितलेली वस्तू का वाटावी? त्यापेक्षा पावसाच्या तोंडावर ठाण्याच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या आदिवासी बायकांकडे मुलाला न्या. शेवळं घ्या, टाकळा घ्या, करटोली घ्या, घासाघीस करू नका. शेवळांबरोबर काकडं, म्हणजे काकडाची रानफळं, का घ्यायची ते त्यांनाच विचारू द्या. खाज मारायला, त्या सांगतील. मुलाला कळतं की ही बाई आपल्याला काहीतरी शिकवते आहे.

सिग्नलला काचेवर टकटक झाली की मुलं विचारतातच, "तो शाळेत का जात नाही?" तीन हात नाक्याच्या पुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेची सिग्नल शाळा २०१६पासून भरते, ती मी लेकाला दाखवली. उत्तर निम्मं तरी मिळालं.

आणि रक्तदान. वय अठरा ते पासष्ट, वजन किमान ४५ किलो. पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचं अंतर ठेवायचं. मुलांना देता येत नाही, पण शेजारी स्टुलावर बसून पाहता येतं. आईला सुई टोचली, तिने तोंड वाकडं केलं आणि तरी ती उठली नाही, हे मुलं विसरत नाहीत. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणं मात्र लहान मुलांसोबत टाळा, चाव्याची जोखीम नको.

निघण्याआधीचं बोलणं

आदल्या रात्री पाच मिनिटं पुरतात. कुठे जायचंय, तिथे कोण भेटेल, वास कसा असेल (आश्रमात फिनेलचा आणि वरणाचा असतो), काम काय. आमच्या घरात एका शब्दावर बंदी आहे: बिच्चारे. तो शब्द आला की मूल एक पायरी वर चढून उभं राहतं. "ते गरीब आहेत का?" असं विचारलं तर खरं सांगा: त्यांच्याकडे पैसे कमी आहेत, काहींचे आईबाबा त्यांना सांभाळू शकत नाहीत, आणि त्यांतली एक जण कॅरममध्ये तुला हरवेल. तुमचा देवावर विश्वास असेल-नसेल, "देवाने आपल्याला दिलं, त्यांना नाही दिलं" हे वाक्य टाळा. पुढचा प्रश्न "का नाही दिलं?" असा येतो आणि मग तुम्हीच अडकता.

प्रत्यक्ष दिवशी पाण्याची बाटली, टोपी, पोट भरलेलं. रिकाम्या पोटी कुणी उदार होत नाही, लहान मूल तर मुळीच नाही. चाळीस मिनिटांनी थांबा, रमलेलं असलं तरी. भरजरी कपडे नकोत, नवे बूट नकोत. शिजवलेलं अन्न नेत असाल तर उन्हाळ्यात दोन तासांच्या आत पोटात जाईल असंच न्या. दही-दुधाचं आणि ओल्या खोबऱ्याचं घरीच राहू द्या.

फोटो काढू नका. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४ने मनाई आहे, आणि आश्रमातला मुलगा तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर दिसणं त्यातच येतं. कायदा बाजूला ठेवला तरी, कॅमेरा निघाला की आपलं मूलही लगेच पोझ घेतं आणि लसूण सोलायचा थांबतो. आमचे फोटो फक्त परातीचे आहेत.

घरी आल्यावर "आज काय शिकलास?" हा प्रश्न गिळा. मी "तिथलं कोण आवडलं?" एवढंच विचारते. कधी उत्तर येतं, कधी नाही. एकदा चार दिवसांनी अंघोळ करताना आलं.

नको म्हणालं तर

म्हणणारच. आमच्या लेकाने सहाव्या खेपेला दाराला धरून भोकाड पसरलं. त्याला आजीकडे ठेवून आम्ही तिघं गेलो. ओरडलो नाही आणि रद्दही केलं नाही. मावशींनी विचारलं, "आमचा धाकटा कुठाय? लसूण तसाच पडलाय." हा निरोप मी घरी तसाच पोहोचवला, तिखटमीठ न लावता. पुढच्या महिन्यात तो आधी चपला घालून दारात उभा होता.

परवाच्या खेपेला परात संपवून मावशींनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. शेजारी तिथलीच एक मुलगी बसली होती, साधारण त्याच्याच वयाची. त्याने खडा उलटसुलट पाहिला, मग टी-शर्टचं टोक तोंडात धरलं. मी हे त्याला कधी दाखवलं होतं ते मला आठवत नाही. गूळ चिवट होता, कापड ओलं झालं, तुकडा काही तुटेना. शेवटी ती मुलगी म्हणाली, "दे इकडे," आणि तिने तिच्या ओढणीत धरून तोडला. मोठा तुकडा तिने स्वतःला ठेवला.